रात्रीच कॅज्युअल्टीत धावायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका ताईंनी लांबलचक पत्र पाठवलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. काही महिन्यांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास कोहळं कापताना त्यांची सुरी सटकली आणि डाव्या हाताचं पहिलं बोट खोल कापलं गेलं. सासूबाईंनी हळद भरली तरी रक्त थांबेना, बोटाचं टोक बधिर वाटायला लागलं, तेव्हा नवऱ्याच्या गाडीवर बसून त्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत गेल्या. तिथे साडेचार तास बसल्या, शेवटी तीन टाके पडले, घरी यायला पहाट होत आली. दीर म्हणाले, "तीन टाक्यांसाठी अख्खी रात्र घालवली, घरीच पट्टी बांधली असती तर काय बिघडलं असतं?" पुढच्याच महिन्यात नऊ वर्षांचा मुलगा पार्किंगमध्ये सायकलवरून पडला, उजवं मनगट थोडं सुजलं, पण बोटं हलवत होता, म्हणून मागचा अनुभव आठवून ताई गेल्या नाहीत. मुका मार आहे म्हणून सासूबाईंनी तेल लावून चोळून दिलं. पाचव्या दिवशी शाळेतून निरोप आला की पोराला पेन धरवत नाही. एक्स-रे काढला तर मनगटाच्या वर हाडाला चीर, तीन आठवड्यांचं प्लास्टर. आता तेच दीर म्हणतात, "आई असून कळलं नाही?" ताई लिहितात, "गेले तर घाबरट, नाही गेले तर निष्काळजी. माझा अंदाज दोन्ही वेळा चुकला. नवरा शिफ्ट ड्युटीवाला, रात्री धावपळ झाली की चिडतो, सासूबाई बीपी आणि रक्त पातळ करायच्या गोळीवर, म्हणजे धावपळ करणारी मीच. पुढच्या वेळी ठरवायचं कसं? आणि साध्या जखमेसाठी गेलं की खऱ्या सिरीयस पेशंटची जागा आपण अडवतो असंही वाटत राहतं."

ताई,

तुमचा अंदाज दोन्ही वेळा चुकला असं मला तुमचं पत्र दोनदा वाचूनही वाटलं नाही. पहिल्या वेळी तर तो अगदी बरोबर होता, आणि दुसऱ्या वेळी त्या रात्री तुम्ही गेला नाहीत हे चुकलं नव्हतं, चुकलं ते त्यानंतरच्या चार दिवसांत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि घरच्यांनी त्या एकत्र करून तुमच्या डोक्यावर ठेवल्यात, म्हणून आधी त्या सुट्या करू.

बोटाचं बघा. तुमच्या दिरांनी टाके मोजले. तीनच पडले म्हणजे जखम लहान होती, लहान होती म्हणजे जायची गरज नव्हती, असा त्यांचा हिशोब. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की बोटाचं टोक बधिर वाटत होतं आणि रक्त थांबत नव्हतं. बोट ही फार दाटीची जागा आहे, दोन्ही कडांनी बारीक नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तळहाताच्या बाजूने बोट वाकवणारे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, जातात, आणि हे सगळं चामडीच्या जेमतेम खाली. सुरीची जखम वरून इवलीशी दिसते आणि आत टेंडन अर्धा कापलेला असतो, असं होतं, आणि अर्धा कापलेला टेंडन त्या दिवशी बोट वाकवूनही दाखवतो आणि आठ दिवसांनी घरात काहीतरी उचलताना तुटतो. तुम्हाला टाके घालण्याआधी तिथल्या डॉक्टरने बोट वाकवायला लावलं असेल, टोकाला हात लावून कळतंय का असं विचारलं असेल, त्या दोन मिनिटांसाठी तुम्ही साडेचार तास बसला होतात. टाके ही नंतरची गोष्ट. सगळं ठीक निघालं म्हणून जाणं फुकट गेलं असं होत नाही, कारण जाण्याआधी ते ठीक आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, दिरांनाही नाही.

आता पोराचं मनगट. लहान मुलांची हाडं कोवळी असतात, ओल्या फांदीसारखी एका बाजूने दुमडतात किंवा नुसती चीर जाते, दोन तुकडे होतातच असं नाही, आणि अशा वेळी हात वाकडा दिसत नाही, सूज जेमतेम असते, बोटं हलतात. "बोटं हलतायत म्हणजे हाड मोडलेलं नाही" हे आपल्याकडे घराघरात सांगतात आणि ते खरं नाही, बोटं हलवणारे स्नायू कोपराजवळून येतात, मनगटाच्या हाडाला चीर असली तरी बोटं खुशाल हलतात. म्हणजे तुम्हाला जो पुरावा वाटला तो पुरावाच नव्हता, पण ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि समजा त्या रात्री तुम्ही त्याला घेऊन गेला असतात, तर अशा सरळ, न हललेल्या चिरेला रात्री काय केलं असतं? एक्स-रे, आधाराला पट्टी, दुखण्याचं औषध, आणि सकाळी हाडांच्या ओपीडीत या. घरी त्याच रात्री हात पट्टीला बांधून गळ्यात अडकवला असता आणि सकाळी नेलं असतं तरी इथेच पोचला असतात. पाच दिवस मात्र जास्त झाले. मुलांची हाडं झपाट्याने जुळायला लागतात, वाकडं हाड असेल तर आठवड्याने ते सरळ करणं अवघड होऊन बसतं, तुमच्याकडे ते सरळच होतं म्हणून निभावलं. चोळायला मात्र नको होतं. सासूबाईंनी मायेने केलं हे कळतंय मला, पण पडल्यावर सुजलेल्या भागाला मालीश नाही, गरम शेक नाही, आणि हाड बसवणाऱ्याकडे तर बिलकुलच नाही, आपल्या विदर्भात अजून गावोगाव लोक आधी तिकडे जातात आणि घट्ट बांबूपट्ट्या बांधून हात काळानिळा झाल्यावर दवाखान्यात येतात.

म्हणून माझं म्हणणं असं की "जखम मोठी आहे की लहान" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर दिसण्यावरून, रक्तावरून, रडण्यावरून काढलं जातं आणि ते तिन्ही फसवतात. डोक्याच्या चामडीला अर्धा इंच कापलं तरी टॉवेल भिजतो, आणि कुत्र्याचा दात नुसता घासून गेला तर दोन थेंबही येत नाहीत. त्याऐवजी स्वतःला विचारा, सकाळपर्यंत थांबलं तर काय हातचं जाईल? ज्या गोष्टी रात्रभरात बिघडतात त्यांच्यासाठी रात्रीच जायचं, कितीही तास बसावं लागलं तरी, आणि ज्या बिघडत नाहीत त्यांच्यासाठी सकाळी जायचं. पण सकाळी नक्की जायचं. दुखणं थोडं कमी झालं, पोरगं शाळेत गेलं, ऑफिसला सुट्टी नाही, की ती सकाळ पुढच्या सकाळवर जाते, तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

रात्रभरात काय बिघडतं ते सांगते.

रक्त. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबायचं आणि हात वर धरायचा, दहा ते पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, मधे उघडून बघायचं नाही. हेच कोणाच्याने होत नाही, दर मिनिटाला उचलून बघतात आणि नुकतं धरायला लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. पंधरा मिनिटं नीट दाबूनही वाहतंय, किंवा सुरुवातीपासून चिळकांड्या उडतायत, तर दाबून धरलेलं तसंच ठेवून निघायचं. हळद, कॉफी, राख काही भरायचं नाही, त्याने जखम झाकली जाते, खोली दिसत नाही, आणि मग टाके घालायच्या आधी सिस्टरला ते सगळं धुऊन काढावं लागतं, ते दुखतं ते वेगळंच.

बोट किंवा हात कापला असेल तर रक्त थांबल्यावर घरीच एक तपासणी करा, ही प्रत्येकाने शिकून ठेवावी अशी आहे. जखमी बोट आणि दुसऱ्या हाताचं तेच बोट शेजारी ठेवा. आधी बोटाचा मधला भाग दुसऱ्या हाताने धरून फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगा, मग सरळ करायला. नंतर मधलं पेर. मग डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा बोटाच्या टोकाला एकदा उजव्या कडेने, एकदा डाव्या कडेने लावा आणि दुसऱ्या बोटासारखंच जाणवतंय का विचारा. शेवटी नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदात पुन्हा गुलाबी व्हायला हवं. यातलं एकही कमी पडलं की जायचं. सगळं नीट असेल, जखम स्वच्छ असेल, नळाखाली वाहत्या पाण्याने छान धुतली असेल, रक्त थांबलं असेल, तर टाक्यांसाठी सकाळी गेलेलं चालतं. सहा तासांत टाके पडले नाहीत तर मग पडतच नाहीत असं पूर्वी सांगायचे, आता धारदार वस्तूने झालेली स्वच्छ जखम बारा तासांनीही शिवतात, चेहऱ्याची तर त्याहून उशिराही, डॉक्टर बघून ठरवतात. लवकर गेलेलं बरंच, पण रात्री नऊ वाजता कापलं आणि पहाटे तीननंतर काही उपयोग नाही असं समजून घाबरायचं कारण नाही.

कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा ओरबाडलं, चामडी जराशी जरी फाटली, तर ती दिसायला कितीही क्षुल्लक असो, तिथे थांबायचं नाही. नळाखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं, हे धुणंच अर्धं औषध आहे, आणि मग त्याच दिवशी रेबीजच्या लसीचा पहिला डोस. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिकारद्रव्याचं, इंजेक्शन द्यावं लागतं, ते प्रत्येक छोट्या दवाखान्यात नसतं, म्हणून यासाठी मोठ्या सरकारी दवाखान्यातली रांग सहन करा. बाहेर बेसा, मनीषनगर, नंदनवन कुठेही रात्री गाडीवरून जाताना कुत्री मागे लागतात हे काय मी नागपूरकरांना सांगायचं, पण "पाळीव आहे, काही नाही होत" म्हणून सोडणारे लोक अजून भेटतात. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चामडीत टोचतात ती लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते, मधला डोस चुकवू नका.

संक्रांतीच्या आसपास मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, आपल्या हायकोर्टाच्या खंडपीठानेही यावर वारंवार कान उपटले, तरी दर जानेवारीत गळे कापलेले लोक येतातच. मांजाची जखम रेघेसारखी बारीक आणि खोल असते. मानेवर असेल तर आरशात बघत बसू नका, दाबून धरा आणि सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात, किंवा १०८ लावा, ती ॲम्ब्युलन्स राज्यात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे.

डोक्याचा मार. पडल्यावर क्षणभर जरी शुद्ध गेली, एकाहून जास्त उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढतच चाललीय, बोलणं गोंधळलेलं आहे, नेहमीपेक्षा जास्त झापड येतेय, फिट आली, नाकाकानातून पाण्यासारखं काही येतंय, तर लगेच. यातलं काही नसेल, फक्त टेंगूळ आलं आणि पोरगं खेळतंय, तर घरीच लक्ष ठेवा, एक दिवस त्याला एकटं सोडू नका. झोपू द्यायचं नाही असा एक समज आहे, झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, फक्त रात्रीतून एक-दोनदा उठवून ओळखीचं काही विचारा.

हाडाचं म्हणाल तर हात किंवा पाय वाकडा दिसतोय, हाड चामडीबाहेर आलंय किंवा हाडाच्या जागेवरच जखम आहे, बोटं गार, निळी किंवा बधिर पडतायत, किंवा पट्टी बांधल्यावर दुखणं असह्य वाढत चाललंय, तर रात्रीच. कोपरावर पडलेलं आणि कोपर सुजलेलं मूलही रात्रीच, कोपराजवळच्या मोडीत रक्तपुरवठा अडकू शकतो. बाकी मनगट, घोटा, पायाचं बोट असेल तर आधार देऊन, वर उचलून, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवून सकाळी. मुरगळलेल्या घोट्यासाठी १९९२ मध्ये कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी एक सोपी चाचणी काढली, जगभर वापरतात, मोठ्या माणसाला घरी करता येते: पडल्यावर आणि आत्ताही चार पावलं टाकता येतायत का, लंगडत का होईना, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गोटी असते तिच्या मागच्या कडेला आणि टोकाला बोटाने दाबलं तर कळ येते का. पावलं टाकता येतायत आणि हाडावर कळ नाही, तर मोड असण्याची शक्यता फारच कमी. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक उंचवटा लागतो, तिथे आणि पावलाच्या आतल्या कडेलाही घोट्याच्या थोडं पुढे दाबून बघा, या दोन्ही जागा लोक विसरतात.

आणि कोणत्याही हाताच्या मारात पहिलं काम, सूज चढायच्या आधी अंगठी आणि बांगड्या काढा. साबणाच्या पाण्याने निघतात. हे राहून गेलं की मग कॅज्युअल्टीत अंगठी कापायला लागते, सोन्याची असली की बाई कापू देत नाही, आणि बोट काळं पडत जातं.

भाजल्याचं तुम्ही विचारलं नाही पण हेच पत्र वाचून कोणाला तरी लागेल. वीस मिनिटं गार वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फ नाही. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच चटके देतं, तेव्हा माठातलं किंवा फिल्टरचं पाणी हळूहळू ओतत राहा. चेहरा, हाताचे पंजे, जांघ, सांधे, किंवा स्वतःच्या पंजापेक्षा मोठा भाग, किंवा करंट आणि केमिकलने भाजलं असेल तर रात्रीच जायचं.

टीटीसाठी, म्हणजे धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी, आता जे टीडी मिळतं त्यासाठी, रात्री दोन वाजता जायची गरज नसते, दुसऱ्या दिवशी घेतलं तरी चालतं. स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षांत घेतलं असेल तर पुन्हा नको, माती-शेण-गंज लागलेल्या जखमेला पाच वर्षं धरतात. प्रत्येक खरचटण्याला सहा महिन्यांनी टोचून घेण्याची सवय लोकांना लागलीय. तुमच्या मुलाच्या लसी वेळेवर झाल्या असतील तर पाच-सहा वर्षांचा बूस्टर त्याला मिळालेला असेल, त्याचं कार्ड एकदा काढून बघा आणि फोनमध्ये फोटो ठेवा.

आता त्या साडेचार तासांबद्दल, कारण ते तुमच्या मनाला फार लागलेत असं दिसतं. मी इंटर्न असताना रात्रीच्या ड्युट्या केल्यात, बाकावर बसलेल्या लोकांची चीडही बघितलीय. मेडिकल काय किंवा मेयो काय, नागपूरचे हे दोन्ही मोठे सरकारी दवाखाने, तिथे नागपूरचेच पेशंट नसतात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून रेफर केलेले, पार मध्य प्रदेश-छत्तीसगडकडून आलेले असतात, आणि हायवेवरचा एक अपघात आला की दोन टेबलं आणि सगळे हात तिकडे जातात. कॅज्युअल्टीत आधी आलेल्याला आधी घेत नाहीत, ज्याचा जीव आधी जाऊ शकतो त्याला आधी घेतात. म्हणजे तुम्हाला बसवून ठेवलं याचा अर्थ कोणीतरी तुमच्याकडे बघून ठरवलं होतं की ही बाई तासाभरात दगावणार नाही. "तुम्ही यायला नको होतं" असा त्याचा अर्थ नसतो. आणि म्हणूनच तुम्ही सिरीयस पेशंटची जागा अडवली नाही, त्याला तुमच्याआधीच आत घेतलं, तुम्ही फक्त बाकावरची जागा घेतली. हे अपराधीपण सोडून द्या. बसवलं म्हणून विसरले असं मात्र होऊ देऊ नका, बसल्या बसल्या रक्त पुन्हा सुरू झालं, चक्कर आली, बोट निळं पडलं, तर नंबरची वाट न बघता सिस्टरला जाऊन सांगा, "आल्यापेक्षा जास्त झालंय," या शब्दांत.

जायचं ठरलं तर तयारीने जा. आधार कार्ड, चालू औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्या, चार्जर, पाण्याची बाटली, आणि सोबत एक माणूस, कारण केसपेपर काढायची खिडकी एकीकडे, एक्स-रे दुसरीकडे, औषधाची तिसरीकडे. कितीला लागलं ती वेळ लिहून ठेवा. हाड वाकडं असेल किंवा बोट फार कापलं असेल तर जाताना काही खाऊ-पिऊ नका, ऑपरेशन लागलं तर भूल द्यावी लागते, म्हणून पोराला "रडू नको" म्हणून बिस्किटं द्यायची नाहीत. गाडीचा अपघात असेल किंवा मारामारीची जखम, तर पोलिसात नोंद होते, त्याला घाबरून घरी बसू नका, आणि जवळचा खासगी दवाखाना "पोलीस केस आहे, आधी सरकारीत जा" म्हणाला तर प्रथमोपचाराला नाही म्हणता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट राहून राहून खटकली, तुम्ही फक्त दोनच रस्ते धरलेत, एक मोठा सरकारी दवाखाना आणि दुसरं घर. मधे बरंच काही आहे. टाके घालणारा फॅमिली डॉक्टर रात्री दहापर्यंत बसतो का, जवळच्या नर्सिंग होममध्ये रात्री ड्युटी डॉक्टर असतो का, रात्री एक्स-रे कुठे होतो, किती घेतात, महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा सरकारी योजनेतला "आपला दवाखाना" आपल्या भागात कुठे आणि कधी उघडा असतो, कुत्र्याची लस तिथे मिळते का. धंतोली-रामदासपेठेत इतके दवाखाने आहेत पण रात्री अकराला रक्त वाहत असताना शोधायला सुरुवात केली तर जे पहिलं नाव आठवतं तिथेच गाडी वळते. एखाद्या रविवारी नवऱ्याला बसवून चार फोन करा, खरंच फोन करा, नुसतं गुगलवर "२४ तास" लिहिलंय यावर भरवसा ठेवू नका, आणि कागद फ्रिजला लावा. पैशाचा प्रश्न खरा आहे, खासगीत रात्री तीन टाक्यांचं बिल अंगावर येऊ शकतं, म्हणूनच आधी विचारून ठेवायचं. जी जखम सकाळपर्यंत थांबू शकते तिच्यासाठी ओपीडीचा केसपेपर सगळ्यात स्वस्त.

दिरांबद्दल मला एवढंच वाटतं की नंतर बोलणं फार सोपं असतं आणि ते दोन्ही वेळा नंतर बोलले. पण भांडून ते सुटणार नाही. पुढच्या वेळी फोनवर जखम दाखवून विचारा, "भाऊजी, टोक बधिर आहे, रक्त थांबत नाही, जाऊ की नको, तुम्ही सांगा." ठरवायचं ओझं एकटीने घेतलं की दोषही एकटीवर येतो. नवऱ्याची चिडचिड मात्र थोडी समजून घ्या, पहाटे परतून सहाच्या शिफ्टला जाणं सोपं नाही, त्याला आधीच सांगा की पंधरा मिनिटं दाबून बघू, ही तपासणी करू, मग ठरवू. कारण न सांगता "चला" म्हटलं की माणूस कुरकुरतो, कारण कळलं की गाडी काढतो.

आता जे तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात ते. सासूबाई रक्त पातळ करायच्या गोळीवर आहेत. त्यांच्यासाठी वरची डोक्याच्या माराची सगळी थांबा-आणि-बघा यादी लागू नाही. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं बेसिनला लागलं, उठून बसल्या, "काही नाही झालं गं, चहा ठेव" म्हणाल्या, तरीही त्याच वेळी न्यायचं, रात्रीचे दोन वाजले असतील तरी, कितीही बसावं लागलं तरी, कारण अशा गोळीवर डोक्याच्या आत रक्त हळूहळू साचत जाऊ शकतं आणि पहिले काही तास माणूस चांगला बोलत असतो. गेल्या गेल्या खिडकीवरच सांगायचं, "वय इतकं, डोक्याला मार, रक्त पातळ करायची गोळी चालू," म्हणजे त्यांना बाकावर बसवणार नाहीत. कोणती गोळी आहे ते आजच बघा, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन या सगळ्यांना लोक एकच नाव देतात आणि डॉक्टरांना त्यात फरक लागतो. पट्टीचा फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि दिरांच्याही फोनमध्ये ठेवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि त्या बाथरूममध्ये धरायला एक दांडी बसवून घ्या, या आठवड्यातच.